पंच क्रमांक दोन

मी, मौला कासीम नदाफ, वय त्रेपन्न, धंदा तोलाई,
राहणार हरिपूर, तालुका मिरज,
समक्ष हजर होतो असं लिहिलंय.
होतो.
सही माझीच. शेवटच्या 'फ'ची शेपटी लांबलीय,
कारण टेबल नव्हतं,
राजापुरीच्या पोत्यावर कागद ठेवला होता.

सदर इसम, म्हणजे आमचा सिरपाल मगदूम,
हमालांचा उमेदवार,
सदर ठिकाणी पालथा आढळून आला.
आढळून आला म्हणे.
कुणाचा हरवलेला मोबाईल जसा.

धमकीचं पत्र आल्यापासून
त्याच्या मागं दोन शिपाई असायचे.
एक तंबाखू मळायचा,
दुसरा सिरपालच्याच डब्यातली भाकरी खायचा.
त्या दिवशी दोघांना मिरजेला बोलावलं,
कुणाच्या तरी सभेच्या बंदोबस्ताला.
येतील रात्रीपर्यंत, सिरपाल म्हणाला,
त्यांच्या वाटणीचं पिठलं झाकून ठेवत.

साहेबांनी सांगितलं ते असं:
यार्डात वीज नव्हती, म्हणून कॅमेरे आंधळे.
मारलं दुसरीकडं, इथं आणून टाकलं,
तिकडची हद्द दुसऱ्या ठाण्याची.
आणि फरशीवरचं लाल?
हळदीवर चुना सांडला असणार.

हळद आणि चुना.
तळव्याला हळद, बोटाला चुन्याची डबी,
तीस वर्षं आमचे हात असेच कुंकू होत आलेत.
पारू लोंढे यार्ड झाडते.
रात्री तिनं त्या डागावर लिंबू पिळलं.
हळदीचं लाल लिंबानं परत पिवळं होतं,
हे तिला कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलेलं नाही.
डाग काळा पडला.
पिवळा झाला नाही.
साल तिथंच टाकून ती घरी गेली.

आणि वीज.
माझ्या काट्याची चिठ्ठी माझ्या खिशात आहे:
गाळा बासष्ट, अठ्ठेचाळीस किलो सातशे,
वेळ सात बेचाळीस.
काटा विजेवर चालतो. त्याची बॅटरी दिवाळीपासून मेलेली,
समितीकडं माझे तीन अर्ज पडून आहेत.
पोतं चढवलं आणि आवाज झाला.
फटाका वाटला.
निवडणुकीत फटाके असतातच.
मी बटण दाबलं.

पंचनाम्यात चिठ्ठीला रकाना नव्हता,
असं मी स्वतःला सांगतो.
रकाना मागितला का, हे मात्र
रात्री कुणीतरी विचारतं.

टीव्हीवर साहेब म्हणाले, अफवांचं पेव फुटलंय.
साहेब, आम्ही हरिपूरचे.
माझा बाप पेवात उतरायचा,
वीस फूट खाली, हळदीच्या पोटात.
महापुरानं पुढं बरीचशी बुजली.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं. दिवसभर. दोन दिवस.
आतला वायू माणसाला हाकही मारू देत नाही.
एकदा घाई करून दोघं उतरले होते.
बाप त्यांची नावं घ्यायचा नाही,
नुसता कंदिलाची काच पुसत बसायचा.

मीही थांबलोय.
पण चिठ्ठीचा कागद तसला,
उन्हानं, घामानं,
नुसत्या दिवसांनीही अक्षरं उडणारा.
गाळा गेला. वजन गेलं.
सातचा आकडा पुसट झालाय.
बेचाळीस अजून आहे.

काल पारू काट्यापाशी आली.
मौलाभाई, ती सही वाचून केलीस का रे?
मी पोतं उतरवलं, परत चढवलं.
आकडा थरथरला, थांबला.
मग खिशातून चिठ्ठी काढून तिला दाखवली,
पहिल्यांदाच कुणाला.
तिला वाचता येत नाही.
तिनं कागद उजेडाकडं धरला,
उलटा, मग सुलटा,
आणि पदराची गाठ सोडत म्हणाली,
झेरॉक्सला दोन रुपये पडतात.
हे घे.